सेवा क्लबचे वर्ष: उपक्रमांची आखणी आणि सभासदांचा गौरव

महाराष्ट्रातील अनेक तालुक्यांच्या गावी रोटरी, लायन्स, जायंट्स किंवा इनरव्हील यांपैकी एखाद्या संघटनेचा क्लब काम करतो, आणि गावातील डॉक्टर, व्यापारी, वकील, शिक्षक, अभियंते आपापला व्यवसाय सांभाळून त्याच्यामार्फत समाजोपयोगी कामे करतात. सभासदांनी स्वतःची वर्गणी भरून, ठरावीक दिवशी एकत्र जमून आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता चालवलेल्या अशा संस्थेला सेवा क्लब म्हणतात. रोटरीची सुरुवात १९०५ मध्ये आणि लायन्सची १९१७ मध्ये शिकागो येथे झाली, तर जायंट्स ही संघटना १९७२ मध्ये मुंबईत नाना चुडासमा यांनी स्थापन केली. या संघटनांच्या घटना आणि परंपरा वेगवेगळ्या असल्या, तरी प्रत्येक क्लबच्या संचालक मंडळापुढे दोन प्रश्न सारखेच असतात: येत्या महिन्यांत कोणते उपक्रम घ्यावेत, आणि वर्षाच्या शेवटी कोणत्या सभासदांचा गौरव करावा. पहिला प्रश्न प्रकल्पप्रमुखांवर सोपवला जातो, दुसरा जून महिन्यात घाईघाईने सोडवला जातो आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे हे सहसा लक्षात घेतले जात नाही. वास्तविक क्लब ज्या कामाचा जाहीर गौरव करतो त्याच प्रकारचे काम सभासद पुढील वर्षी अधिक करतात, म्हणून गौरवाचे निकष उपक्रमांच्या आखणीबरोबर, वर्षाच्या आरंभीच ठरवणे आवश्यक आहे.

आखणीला हात घालण्यापूर्वी क्लबच्या वर्षाची रचना समजून घ्यावी लागते. रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांचे वर्ष १ जुलै रोजी सुरू होऊन ३० जून रोजी संपते. शासकीय आर्थिक वर्ष मात्र १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते आणि शाळांचे वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते. या तीन वर्षांचे सांधे जुळत नसल्यामुळे अनेक अडचणी निर्माण होतात. कोषाध्यक्षाला ३१ मार्चला एकदा आणि ३० जूनला पुन्हा एकदा हिशेब बंद करावे लागतात, देणगीदारांना आयकर सवलतीसाठी लागणाऱ्या पावत्या मार्चअखेरीच्या हिशेबाशी जुळवाव्या लागतात, आणि शालेय साहित्याची खरी गरज असते तेव्हा मावळती कार्यकारिणी निरोपाच्या तयारीत आणि नवी कार्यकारिणी पदग्रहण समारंभाच्या तयारीत गुंतलेली असते.

हीच अडचण आषाढी वारीच्या बाबतीत अधिक तीव्र होते. आळंदी आणि देहू येथून पंढरपूरकडे निघणाऱ्या पालख्यांच्या मार्गावरील अनेक क्लब वारकऱ्यांसाठी औषधोपचार आणि पिण्याच्या पाण्याची सोय करतात. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जून रोजी, तर २०२४ मध्ये १७ जुलै रोजी आली. म्हणजे पालखीचा मुक्काम कधी जुन्या कार्यकारिणीच्या काळात पडतो, कधी नव्या, आणि कधी नेमका दोहोंच्या मध्ये. अशा उपक्रमाची जबाबदारी पदाकडे न ठेवता दोन वर्षांसाठी नेमलेल्या समितीकडे द्यावी, तिच्यात मावळत्या आणि नियोजित अशा दोन्ही अध्यक्षांचा समावेश करावा, आणि खर्चाची मंजुरी मे महिन्यातील सभेतच घ्यावी. पदग्रहणाच्या गडबडीत औषधांची मागणी नोंदवायची राहून गेली, तर तिचा त्रास उन्हापावसात चालून पाय सुजलेल्या माणसांना होतो, आणि तो कोणत्याही समारंभाच्या शोभेने भरून निघत नाही.

उपक्रमांची निवड करताना दिनविशेषांच्या यादीवर सर्व भार टाकू नये. रोटरीने वर्षातील महिन्यांना विषय नेमून दिले आहेत, जसे ऑगस्ट सभासदवाढीसाठी, सप्टेंबर मूलभूत शिक्षण आणि साक्षरतेसाठी, नोव्हेंबर रोटरी फाउंडेशनसाठी, जानेवारी व्यवसाय सेवेसाठी, आणि प्रांताकडून, म्हणजे अनेक क्लबांच्या प्रशासकीय विभागाकडून, त्या त्या विषयावरील कामाचा अहवाल मागवला जातो. ही चौकट उपयुक्त आहे, परंतु गावाची गरज तिच्यापेक्षा मोठी आहे. त्यासाठी वर्षारंभी ग्रामीण रुग्णालय, रक्तकेंद्र, नगरपरिषद आणि दोन-तीन शाळा यांच्याकडे सभासदांनी जाऊन कोणत्या महिन्यात कशाची उणीव भासते हे विचारावे आणि मिळालेली माहिती लिहून ठेवावी. रोटरी फाउंडेशनच्या मोठ्या मानवतावादी अनुदानासाठी अशी गरजपाहणी सक्तीची आहे. मात्र पाच हजार रुपयांच्या उपक्रमालाही ती तितकीच लागू पडते.

रक्तदान शिबिराचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. संकलित रक्तातील तांबड्या पेशी वापरलेल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, तर प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशिका, केवळ ५ दिवस टिकतात. एखाद्या नेत्याच्या जयंतीला किंवा वाढदिवसाला एकाच शहरात अनेक शिबिरे झाली, तर रक्तकेंद्राकडे एका दिवसात साठवणक्षमतेहून अधिक रक्त जमा होण्याचा संभव असतो आणि पुढे महिन्याभराने पुन्हा टंचाई उद्भवते. शिवाय पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये ९० दिवसांचे आणि स्त्रीला १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागत असल्याने, त्या दिवशी रक्त दिलेले सर्व दाते टंचाईच्या वेळी अपात्र ठरलेले असतात. महाविद्यालयांच्या परीक्षा आणि सुट्ट्या यांमुळे एप्रिल-मेमध्ये शिबिरे कमी होतात, दिवाळीत लोक गावोगावी जातात, आणि पावसाळ्यात व त्यानंतर डेंग्यूच्या साथीमुळे प्लेटलेट्सची मागणी वाढते. म्हणून क्लबने शिबिराची तारीख रक्तकेंद्राला विचारून ठरवावी, एका मोठ्या शिबिराऐवजी वर्षातून तीन-चार लहान शिबिरे घ्यावीत आणि त्यांतील एक तरी मे महिन्यात ठेवावे. सूचनापत्रातच दात्याचे वय १८ ते ६५ वर्षे, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे हे स्पष्ट लिहिले, तर परत पाठवाव्या लागणाऱ्या दात्यांची संख्या घटते. एखाद्या तरुणीला हिमोग्लोबिन कमी असल्याने रक्त देता आले नाही, तर तिला रिकाम्या हाताने न पाठवता वैद्यकीय सल्ल्याची चिठ्ठी द्यावी, कारण शिबिराचा तोही एक मोलाचा परिणाम आहे. बाटल्यांची संख्या मोजून शिबिराचे यश ठरवण्याची सवय सुटली, तरच हा विचार रुजू शकेल.

नेत्रसेवेची परंपरा लायन्स संघटनेत विशेष दृढ आहे. १९२५ मध्ये ओहायो राज्यातील सीडर पॉइंट येथील अधिवेशनात हेलन केलर यांनी दृष्टिहीनांसाठी काम करण्याचे आवाहन केले, तेव्हापासून हे कार्य त्या संघटनेची ओळख बनले. आज मोतीबिंदूची तपासणी गावातील शाळेत किंवा समाजमंदिरात घेता येते; शस्त्रक्रिया मात्र सुसज्ज रुग्णालयातच व्हावी लागते, आणि त्यामुळे शिबिर म्हणजे तपासणी, रक्तदाब व मधुमेहाची चाचणी, रुग्णालयापर्यंतचा प्रवास, शस्त्रक्रिया आणि नंतरच्या तपासण्या अशी साखळी असते. दुसऱ्या दिवशी, साधारण आठवड्याने आणि पुढे महिना-दीड महिन्याने डोळे तपासले जातात व शेवटी गरज असल्यास चष्मा दिला जातो. नातेवाईक कामावर गेलेले असतात, बसचे भाडे परवडत नाही आणि थेंब कधी घालायचे हे लक्षात राहत नाही, अशा परिस्थितीत वृद्ध रुग्ण तिसऱ्या तपासणीला येतोच असे नाही. म्हणून क्लबच्या पत्रिकेत शिबिराची एकच तारीख न छापता चारही तारखा छापाव्यात, आणि प्रत्येक पाच-सहा रुग्णांमागे एका सभासदाचे नाव लिहून त्या रुग्णांना शेवटच्या तपासणीपर्यंत नेण्याची जबाबदारी त्याच्याकडे द्यावी. या सभासदाचे नाव उद्घाटनाच्या छायाचित्रात नसते, पण रुग्णाची दृष्टी त्याच्यावर अवलंबून असते. गौरवाच्या निकषांचा विचार करताना त्याचे स्मरण पहिल्यांदा व्हावे.

वृक्षारोपणाबद्दल थोडक्यात सांगायचे तर, जागतिक पर्यावरण दिनी, म्हणजे ५ जूनला, महाराष्ट्राच्या बहुतांश भागांत पाऊस स्थिरावलेला नसतो, त्यामुळे त्या दिवशी खड्डे आणि कुंपणाचे काम करून रोपे जुलैमध्ये लावणे अधिक हिताचे ठरते. रोपांची संख्या तितकीच असावी, जितक्यांना मार्च ते मे या काळात पाणी घालणे शक्य आहे. शाळांसाठीच्या उपक्रमांत दहावी-बारावीच्या परीक्षांचा काळ टाळावा, आणि वह्या किंवा गणवेश स्वीकारणाऱ्या मुलांची छायाचित्रे पालकांच्या व शाळेच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नयेत. मदत घेताना रांगेत उभे केलेले मूल मोठेपणी ते छायाचित्र कोणत्या भावनेने पाहील, याचा विचार करणे हे क्लबचे कर्तव्य आहे.

आगामी उपक्रमांची सूचना सभासदांपर्यंत कशी पोहोचते यावर त्यांची उपस्थिती मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. नुसती तारीख, वेळ आणि स्थळ देणारी सूचना सभासदाला प्रेक्षक म्हणून बोलावते. तिच्यात सभासदाने नेमके काय करायचे, किती वेळ द्यायचा, कोणाशी संपर्क साधायचा आणि खर्च कोणत्या निधीतून होणार हे लिहिले, तर ती त्याला कार्यकर्ता म्हणून बोलावते. तीन महिन्यांचे वेळापत्रक एकत्र छापावे, प्रत्येक उपक्रमाची सूचना पंधरा दिवस आधी आणि पुन्हा दोन दिवस आधी द्यावी, आणि व्हॉट्सॲपच्या गटावर शुभेच्छांच्या गर्दीत ती हरवू नये म्हणून सूचनांसाठी स्वतंत्र गट ठेवावा. जे ज्येष्ठ सभासद मोबाइल फारसा वापरत नाहीत, त्यांना फोन करण्याचे काम एखाद्या नव्या सभासदाकडे दिल्यास त्याची क्लबमधील ओळखही वाढते. नव्या सभासदाला कॉलरवर पिन लावून स्वागत केल्यानंतर पहिल्या दोन महिन्यांत एखादे लहान पण निश्चित काम मिळणे फार महत्त्वाचे आहे, कारण काम न मिळालेला माणूस हळूहळू सभांना येईनासा होतो आणि वर्गणीच्या स्मरणपत्रापुरताच क्लबशी जोडलेला उरतो.

उपक्रम आणि गौरव यांना जोडणारा दुवा म्हणजे नोंद. सचिवाने प्रत्येक उपक्रमानंतर आठवड्याभरात एका पानाची नोंद करावी आणि तिच्यात कोणी कोणते काम केले, किती तास दिले, लाभार्थींपैकी कितींचा पाठपुरावा बाकी आहे आणि खर्च किती झाला हे लिहावे. पूर्वतयारी करणारे, सामान वाहून नेणारे, हिशेब जुळवणारे आणि समारंभानंतर सभागृह आवरणारे यांची नावेही तीत यावीत. अशी नोंद नसेल, तर जूनमध्ये निवड समितीपुढे केवळ आठवण उरते, आणि आठवणीत व्यासपीठावर दिसलेले चेहरेच ठळक राहतात.

गौरवाचे प्रकारही वेगवेगळे आहेत आणि त्यांचा अर्थ सभासदांना समजावून सांगायला हवा. पहिला प्रकार देणगीशी निगडित आहे. रोटरी फाउंडेशनला एखाद्याने १,००० डॉलर दिले किंवा त्याच्या नावे तितकी रक्कम दिली गेली, तर त्याला रोटरीच्या संस्थापकांच्या नावाने 'पॉल हॅरिस फेलो' म्हटले जाते. ही प्रथा १९५७ पासून चालत आली आहे. लायन्समध्ये तितक्याच रकमेसाठी १९७३ पासून 'मेल्विन जोन्स फेलोशिप' दिली जाते. दुसरा प्रकार सातत्याचा आहे: लायन्समध्ये १० वर्षे आणि त्यापुढील टप्पे पूर्ण केलेल्या सभासदांना शेवरॉन, म्हणजे सेवावर्षे दर्शवणारी पिन मिळते, आणि अनेक रोटरी क्लबांमध्ये शंभर टक्के उपस्थितीचा सत्कार होतो. तिसरा प्रकार प्रत्यक्ष सेवेचा असून रोटरीचा 'सर्व्हिस अबव्ह सेल्फ' हा आंतरराष्ट्रीय सन्मान या प्रकारात मोडतो.

देणगीवर आधारलेल्या सन्मानात गैर असे काही नाही. जगभरातील पोलिओ निर्मूलनासाठी रोटरीने १९८५ मध्ये हाती घेतलेली मोहीम अशाच देणग्यांमुळे उभी राहू शकली, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले त्यामागे सरकारी यंत्रणा, आरोग्यसेविका आणि स्वयंसेवक यांच्याबरोबर त्या निधीचाही वाटा होता. परंतु क्लबच्या वार्षिक समारंभात केवळ देणगीदारांचेच नाव पुकारले गेले, तर माफक उत्पन्नाच्या सभासदाला आपल्या श्रमाची येथे किंमत नाही असे वाटू लागते. यावर उपायही याच व्यवस्थेत आहे. पॉल हॅरिस फेलो हा सन्मान दुसऱ्याच्या नावे देता येत असल्यामुळे क्लबने सामूहिक देणगीतून तो एखाद्या निष्ठावान सभासदाला, किंवा क्लबच्या बाहेरील परिचारिका, रुग्णवाहिका चालक अथवा प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांना द्यावा. असे झाले की त्या सन्मानाला रकमेपलीकडचा अर्थ प्राप्त होतो.

क्लबच्या स्वतःच्या पुरस्कारांसाठी जुलैच्या पहिल्या किंवा दुसऱ्या सभेत निकष जाहीर करावेत आणि त्यांची संख्या चार-पाचांपुढे जाऊ देऊ नये. वर्षभर पाठपुरावा करणारा सभासद, नव्या सभासदांना सांभाळून घेणारा सभासद, हिशेब किंवा नोंदी चोख ठेवणारा कार्यकर्ता आणि पहिल्याच वर्षात चांगले काम केलेला नवा सभासद असे वर्ग करता येतात. प्रत्येकाला काही ना काही देण्याच्या सद्भावनेतून पंचवीस स्मृतिचिन्हे वाटली जातात, तेव्हा त्यांतील एकाही सन्मानाला वजन राहत नाही; ज्यांचे आभार मानायचे आहेत त्यांची नावे आदराने वाचून दाखवणे पुरेसे असते. निवड समिती तीन जणांची असावी: एक माजी अध्यक्ष, संचालक मंडळात नसलेला एक सभासद आणि क्लबच्या कामाशी परिचित असलेली बाहेरची एक व्यक्ती, उदाहरणार्थ एखाद्या शाळेचे मुख्याध्यापक. समितीतील व्यक्ती, चालू वर्षाचे अध्यक्ष आणि त्यांचे कुटुंबीय पुरस्कारासाठी अपात्र असावेत. निवडीचे कारण दोन-तीन ओळींत लिहून इतिवृत्तात नोंदवावे. शिक्षकांसाठी अनेक रोटरी क्लब देत असलेल्या 'नेशन बिल्डर' पुरस्कारात विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेल्या मूल्यमापनपत्रकांचा आधार घेतला जातो. सभासदांच्या गौरवातही लाभार्थींचे मत अशाच रीतीने विचारात घेता येईल, आणि नेत्रशिबिरातील रुग्णाने सांगितलेले एक वाक्य समितीला पुष्कळ काही सांगून जाईल.

समारंभात वाचल्या जाणाऱ्या मानपत्राकडे विशेष लक्ष द्यावे. ‘आपल्या अविरत कार्यामुळे क्लबच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला गेला’ अशी वाक्ये कोणालाही लागू पडतात, आणि म्हणूनच ज्याच्यासाठी ती वाचली जातात त्याला ती आपली वाटत नाहीत. याउलट, अमुक सभासदाने शिबिरातील सहा रुग्णांना चारही तपासण्यांसाठी स्वतःच्या वाहनातून नेले आणि त्यांतील एका रुग्णाच्या डोळ्याला जंतुसंसर्ग होत असल्याचे त्याच्या वेळीच लक्षात आले, असे लिहिले तर ऐकणाऱ्यांना काम दिसते आणि ते कसे करावे हेही कळते. मानपत्र शंभर-सव्वाशे शब्दांचे असावे, त्यात किमान दोन ठोस कामांचा उल्लेख असावा, तपशील आधी त्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा आणि नावाचे शुद्धलेखन पुन्हा एकदा पाहावे. ज्यांच्या सहकार्यामुळे सभासदाला संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी काम करता आले, त्या कुटुंबीयांना पहिल्या रांगेत बसवून त्यांच्या उपस्थितीत ते वाचावे. सत्कारमूर्तीला दोन मिनिटे बोलू द्यावे आणि पाहुण्यांची भाषणे त्यानंतर ठेवावीत, म्हणजे उशीर झाला तरी कात्री सत्काराच्या वेळेला लागणार नाही.

खर्चाबाबत एक नियम काटेकोर पाळला पाहिजे. लोकांकडून समाजकार्यासाठी जमवलेला पैसा आणि सभासदांच्या वर्गणीतून आलेला पैसा यांची खाती वेगळी असावीत. लायन्स संघटनेत असे दोन स्वतंत्र निधी ठेवणे बंधनकारक आहे आणि लोकांकडून आलेली रक्कम क्लबच्या प्रशासनावर खर्च करता येत नाही. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्हे, सभागृहाचे भाडे आणि भोजन हा सर्व खर्च वर्गणीच्या खात्यातूनच व्हावा. डायलिसिस यंत्रासाठी देणगी देणाऱ्या दुकानदाराला आपल्या पैशांतून हार-तुरे आले असे वाटण्यास जागा राहता कामा नये. देणगी घेतानाच दात्याला हेही सांगावे की ‘८० जी’ या नावाने परिचित असलेल्या आयकर सवलतीसाठी २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगी ग्राह्य धरली जात नाही, आणि ही सवलत नोंदणीकृत व मान्यताप्राप्त न्यासाला दिलेल्या देणगीवरच मिळते. ज्या क्लबचा असा स्वतंत्र न्यास नाही, त्याने तसे आश्वासन मुळीच देऊ नये.

गौरव समारंभासाठी जूनचा पहिला पंधरवडा सोयीचा असतो. पदग्रहणाच्याच कार्यक्रमात तो उरकला, तर प्रांतपालांचे आगमन, नव्या कार्यकारिणीचा शपथविधी आणि पाहुण्यांचे स्वागत यांत मावळत्या वर्षातील कार्यकर्ते झाकोळले जातात. स्वतंत्र समारंभानंतरच्या आठवड्यात दोन्ही कार्यकारिण्यांची संयुक्त बैठक घ्यावी आणि तीत तीन कागद हस्तांतरित करावेत: पाठपुरावा बाकी असलेल्या रुग्णांची आणि विद्यार्थ्यांची यादी, दोन्ही खात्यांतील शिल्लक दाखवणारा कोषाध्यक्षाच्या सहीचा ताळेबंद, आणि पुढील तीन महिन्यांसाठी रक्तकेंद्र, शाळा व रुग्णालय यांना दिलेल्या तारखा. पहिल्या यादीतील प्रत्येक नावापुढे नव्या वर्षात जबाबदारी घेणाऱ्या सभासदाचे नाव त्याच बैठकीत लिहिले जावे, आणि ज्या नावापुढची जागा रिकामी राहील त्याची जबाबदारी नियोजित सचिवाने स्वीकारावी.